पुलावर नाही, तर मग कुठे?

परवा मित्राच्या मुलाचा फोन आला. नवीन गाडी घेतलीय, अजून सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. "काका, रात्रीचे फोटो काढून द्या ना. अटल सेतूवर. एकच मिनिट थांबायचं. मागे मित्राची गाडी उभी ठेवू, कुणी येत असेल तर तो फोन करेल."

मी सरळ नाही म्हणालो. तो जरा खट्टू झाला. मग म्हणाला, "बरं, मग कुठे काढू ते तरी सांगा."

आणि इथे माझी बोलती बंद झाली. गेली बारा-तेरा वर्षं नवी मुंबईत लग्नाचे आणि गाड्यांचे फोटो काढतोय. पोट लग्नांवर चालतं, जीव गाड्यांवर आहे. तरी या शहरात रात्री नऊ वाजता एखाद्या माणसाने स्वतःच्या गाडीचा फोटो कुणाचीही बोलणी न खाता कुठे काढावा, या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण घरात विशीतला मुलगा किंवा मुलगी आणि दारात गाडी असेल तर वाचाच.

आधी पुलाचं. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. शिवडी ते चिर्ले, २१.८ किलोमीटर, त्यातले साधारण साडेसोळा समुद्रावर. कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच लोकांनी कडेला गाड्या लावल्या, कठड्याशी उभं राहून सेल्फी काढले, कुणी चक्क कुटुंबासह खाली उतरले. पोलिसांना जाहीर सांगावं लागलं की हा पूल बघायची जागा नाही, थांबलात तर गुन्हा दाखल होईल. बरोबरच सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ आहे, गाडी धोका किंवा अडथळा होईल अशी सार्वजनिक जागी उभी करायची नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. जुन्या दंड संहितेत याच गोष्टीला २०० रुपये होते. म्हणजे कायद्यालाही हे आता किरकोळ वाटत नाही.

तर पुलावर नाही, एक्स्प्रेसवेच्या कडेला नाही, पामबीचच्या वळणावर नाही. यावर माझं दुमत नाही आणि या पोस्टखाली कुणी "एक मिनिटाने काय होतं" असं लिहिलं तर मी वाद घालणार नाही. एक मिनिटाने काय होतं, ते मी पाहिलंय. चूक माझीच होती, तीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तरुणाने पाडव्याला गाडी घेतली होती. घरातली पहिली गाडी. वडील एसटीत ड्रायव्हर, तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. मुलाला एकच फोटो हवा होता. रात्रीची वेळ, मागे शहराचे दिवे, आणि बाबा गाडीला टेकून उभे. फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा. "बाबांनी जन्मभर सरकारची गाडी चालवली, आता स्वतःच्या गाडीबरोबर एक फोटो हवा," इतकंच म्हणाला. असं काम कोण सोडेल?

आम्ही आधी शहाण्यासारखेच वागलो. एका स्टेशनबाहेरच्या मोठ्या पार्किंगमध्ये गेलो. रात्रीचे साडेनऊ. दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या वेळी मोजून आठ-दहा गाड्या. सिमेंटची सपाट जमीन, दिवे फक्त एका कोपऱ्यात, मागे उंच इमारती. मला यापेक्षा चांगली जागा नको होती. पावती फाडली, गाडी लावली, ट्रायपॉड उभा केला. दहा मिनिटांत वॉचमन आला.

"इथे शूटिंग करायचं नाही."

पावती दाखवली. म्हणाला, "ही गाडी लावायची पावती आहे, फोटोची नाही."

वाद नको म्हणून आवरत होतो तेवढ्यात गस्तीची गाडी आली. हवालदार उद्धट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याने विचारलं, "काय चाललंय? परवानगी आहे का?" मी म्हटलं, "कुणाची घ्यायची साहेब? सांगा, उद्या घेऊन येतो." तो म्हणाला, "ते मला माहीत नाही. पण असं रात्री चालत नाही. निघा." माझं जाऊ द्या, मला सवय आहे. पण ते काका, इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून आलेले, पोलिसासमोर हात जोडून उभे होते. "मुलाने हौसेने गाडी घेतलीय साहेब, जातो आम्ही." स्वतःच्या गाडीपाशी, पैसे भरून घेतलेल्या जागेत उभं राहिल्याबद्दल माफी मागत होते.

तिथून निघाल्यावर मुलगा म्हणाला, "पुलाच्या अलीकडे एक रुंद जागा आहे, तिथे कुणी विचारत नाही." मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

आता जरा तांत्रिक सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रात्री गाडीचा चांगला फोटो एका क्षणात निघत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, आयएसओ १०० वर, आणि शटर २० ते ३० सेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात एक माणूस हातात बॅटरी किंवा एलईडीची पट्टी घेऊन गाडीच्या कडेने चालत जातो. बोनेटवरून, दारांवरून, छतावरून उजेड फिरवतो. कॅमेरा तो सगळा उजेड साठवत जातो आणि शेवटी गाडी अंधारातून कोरून काढल्यासारखी दिसते. याला लाइट पेंटिंग म्हणतात. यात तीन नियम असतात. गाडीचे हेडलाईट बंद, नाहीतर फोटोत नुसते पांढरे डाग येतात. चारही इंडिकेटर बंद, कारण लुकलुकणारा पिवळा उजेड सगळ्या गाडीवर आणि जमिनीवर सांडतो. आणि बॅटरी फिरवणाऱ्याने काळे कपडे घालायचे, म्हणजे तो फोटोत उमटत नाही.

पुन्हा एकदा वाचा. बिनदिव्याची गाडी, इंडिकेटर बंद, अंधारी जागा, काळ्या कपड्यातला माणूस. फोटो चांगला येण्यासाठी जे जे करावं लागतं, ते सगळं रस्त्यावर मरणाची तयारी केल्यासारखं आहे. जो माणूस कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून काळं घालतो, तो ट्रकवाल्यालाही दिसत नाही.

थोडं गणित करा. ताशी ८० ने येणारं वाहन सेकंदाला २२ मीटर पुढे येतं. डिपरवरचा उजेड ढोबळमानाने ४०-५० मीटर पोचतो. समोर काहीतरी आहे हे ड्रायव्हरच्या लक्षात येऊन पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर संपले. मग ब्रेक लागून कार थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ३५-४० मीटर. बेरीज सत्तरच्या आसपास जाते. म्हणजे बिनदिव्याची काळी गाडी त्याला दिसते तेव्हा थांबण्याची वेळ टळून गेलेली असते. हे कारचं झालं, भरलेल्या ट्रकला यापेक्षा जास्तच लागतं. आणि "एक मिनिट" म्हणता ना? अटल सेतूवर १०० च्या वेगाने जाणारी गाडी एका मिनिटात पावणेदोन किलोमीटरच्या जवळ जाते. मागे उभा राहून फोन करणारा मित्र काय करणार? तुम्ही फोन उचलेपर्यंत ती गाडी तुमच्या डिकीत असेल.

तर आम्ही त्या रुंद जागेत गाडी लावली. मी दिवे बंद करायला सांगितले. माझा मदतनीस एकोणीस वर्षांचा पोरगा, काळा टी-शर्ट, काळी पँट, मीच सांगितलं होतं म्हणून. काकांनी विचारलं, "लाईट का बंद केले?" मी समजावलं. ते काही बोलले नाहीत. मोबाईलची बॅटरी लावली आणि गाडीच्या मागे चाळीस-पन्नास पावलं चालत गेले. तिथे कडेला उभं राहून येणाऱ्या गाड्यांना उजेड हलवून दाखवू लागले. मुलगा ओरडतोय, "बाबा, फोटोत तुम्ही पाहिजे!" ते म्हणाले, "आधी गाडीचा काढा, मग बघू."

तिसऱ्या फोटोला एक टेम्पो डावीकडे कलत आला. ड्रायव्हरला डुलकी लागली असेल, किंवा रुंद जागा बघून थांबायचं असेल, देव जाणे. काकांच्या हातातला उजेड दिसला आणि त्याने स्टिअरिंग उजवीकडे मारलं. शटर मिटायला आणि टेम्पो शेजारून जायला एकच गाठ पडली. त्याच्या वाऱ्याने ट्रायपॉड आडवा झाला, लेन्स फुटली. माझा पोरगा जागच्या जागी खाली बसला. बराच वेळ उठलाच नाही.

काका परत आले. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "तीस वर्षं रात्रीची गाडी चालवली. कडेला बिनलाईटची गाडी दिसली की आम्ही शिव्या घालायचो. आज तिच्या राखणीला मीच उभा."

कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो अजून माझ्याकडे आहे. गाडी जवळजवळ काळी आहे, आणि मागून टेम्पोच्या दिव्यांची रेघ सरळ येते आणि गाडीच्या जरा आधी वळते. तो फोटो मी कधी टाकला नाही, टाकणारही नाही. पण नवीन मुलगा शिकायला आला की आधी तोच दाखवतो.

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात चूक माझी होती, शंभर टक्के. वॉचमनने हाकललं म्हणून कुणी मला पुलाशी ढकललं नव्हतं. पण शहर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट बघायला हवी. आम्ही सुरक्षित जागी होतो, तिथे दोघांनी विचारलं. धोक्याच्या जागी गेलो, तिथे कुणीही विचारलं नाही. ही व्यवस्था आपण नकळत उभी केली आहे. मोकळ्या पार्किंगमध्ये ट्रायपॉड दिसला की संशय, आणि हमरस्त्याच्या कडेला बिनदिव्याची गाडी दिसली की "असेल बंद पडलेली". पोरं अशीच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत जातात आणि शेवटी जिथे कुणी हटकत नाही तिथे थांबतात. तीच जागा सगळ्यात वाईट असते.

काही जण म्हणतील, कशाला हवेत रात्रीचे फोटो? दिवसा काढा की. हा प्रश्न मला बऱ्याच वडीलधाऱ्यांनी विचारलाय, म्हणून नीट उत्तर देतो. गाडीचा रंग म्हणजे आरसा असतो. दिवसा फोटो काढला की त्या आरशात समोरची बिल्डिंग, विजेचे खांब, वाळत घातलेले कपडे आणि तुम्ही स्वतः, सगळे दिसता. रात्री त्या आरशात काय दिसावं ते तुम्ही ठरवता. गाडीची रेघ, तिचा बाक, हे रात्रीच नीट कळतं. ही हौस आहे, कला आहे, आणि आता पोटाचा धंदाही आहे. जुन्या गाड्या विकणारे, गॅरेजवाले, गाड्या सजवणारे, सगळ्यांना असे फोटो लागतात. आणि हौसेला नावं ठेवायची तर आपण पाडव्याला गाडीला हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, नारळ फोडतो, तेव्हा कुठे हिशोब मांडतो? पहिली गाडी ही आपल्याकडे घरातल्या माणसासारखी येते. तिचा फोटो हवासा वाटण्यात गैर काही नाही.

आणि आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी रीलवाले सांगत नाहीत. पुलावर फोटो चांगला येतच नाही! खरंच. एक तर पूल थरथरतो. अवजड वाहन गेलं की पायाला कळतं, मग २० सेकंद उघड्या शटरला कळणार नाही का? फोटो हललेला येतो. दुसरं, ठरावीक अंतरावरचे दिवे बोनेटवर मण्यांच्या माळेसारखे उमटतात, ते नंतर पुसता पुसता नाकी नऊ येतात. तिसरं, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा हेडलाईट तुमच्या गाडीवर फटकारा मारून जातो. चांगल्या फोटोला लागतो अंधार, शांतता आणि सपाट मोकळी जमीन. पुलावर यातलं एकही नाही. पुलावरचा फोटो हा गाडीचा नसतो, "आम्ही इथे थांबलो" याचा असतो. म्हणजे जीव धोक्यात घालून माणूस घरी घेऊन जातो तो हललेला, डागाळलेला फोटो. जीव द्यायचा तर निदान फोटो तरी बरा यावा!

उलट, चांगला फोटो कुठे येतो? रिकाम्या पार्किंगमध्ये. बहुमजली पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिथे गाडी लावायला कुणी चढत नाही. बंद झालेल्या गोदामाच्या अंगणात. रात्री सुनसान होणाऱ्या कचेऱ्यांच्या भागात. आपलं शहर तर आखून बांधलेलं आहे, सीबीडी बेलापूरमध्ये कचेऱ्या सुटल्यावर एक चक्कर मारून बघा. स्टेशनांबाहेरचे मोठे चौक, प्रदर्शनाची मैदानं, मार्केटांची पार्किंग, सरकारी इमारतींची अंगणं. दिवसा गच्च, रात्री ओस. जमीन सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, दिवेही आपल्या कराच्या पैशाचे. आणि आठ-दहा तास ती जमीन नुसती पडून असते.

अडचण जमिनीची नाही. परवानगी कुणाची घ्यायची, ही आहे. इथली जमीन एकाची नाही. कुठे सिडको, कुठे महापालिका, कुठे एमआयडीसी, कुठे रेल्वे. सिनेमा-मालिकांसाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या फिल्मसिटीचं महामंडळ ती चालवतं. चांगली गोष्ट आहे. पण ती युनिट, गाड्या, जनरेटर घेऊन येणाऱ्यांसाठी. एक ट्रायपॉड, एक बॅटरी आणि अर्धा तास, यासाठी माणूस तिथे जाणार का? आणि सर्वसाधारणपणे सार्वजनिक जागी स्वतःच्या गाडीचा फोटो काढायला या देशात बंदी नाही. प्रतिबंधित ठिकाणं आहेत, तिथे नाही काढायचा, तेवढंच. मग जे मुळात बेकायदा नाही त्याला हाकलायचं कोणत्या कलमाखाली? विचारलं की "वरून ऑर्डर आहे" असं उत्तर येतं. कुणाची ते वॉचमनलाही ठाऊक नसतं.

म्हणून चार मागण्या. निवडणुकीत मोठमोठी वचनं देणाऱ्यांना या झेपायला हरकत नाही.

१. प्रत्येक नोडमध्ये एक पे-अँड-पार्क किंवा बहुमजली पार्किंगचा वरचा मजला, आठवड्यातले निदान दोन दिवस, संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, छायाचित्रणासाठी खुला ठेवा. तासाला फी घ्या. आम्ही आनंदाने देऊ. त्या पैशातून तिथे एक माणूस ठेवता येईल.

२. परवानगी मोबाईलवरून मिळू द्या. नाव, गाडी नंबर, वेळ. गस्तीवरच्या पोलिसाला ती पावती दाखवली की विषय संपला. त्यालाही बरं. रात्री अडवलेला प्रत्येक माणूस चोर की फोटोग्राफर हे ओळखायची कसरत त्याने का करावी?

३. पूल, घाट, एक्स्प्रेसवेवर थांबणाऱ्यांवर मात्र दयामाया नको. कॅमेरे आहेत, चलान थेट घरी जाऊ द्या. आणि ज्या दुकानदाराने, गॅरेजने किंवा रीलवाल्याने पैसे देऊन पुलावर असा व्हिडिओ करवून घेतला, त्यालाही जबाबदार धरा. पोरगा पकडला जातो आणि जाहिरात चालूच राहते, हे बरोबर नाही.

४. लोकांना पूल बघायचाच असेल, आणि तो असतोच, तर किनाऱ्यावर बघायची जागा करा. गाडी लावायला सोय, कठडा, दिवा, चहाची टपरी. दोन-दोन, चार-चार हजार कोटींचे पूल आणि उड्डाणपूल बांधताना अशा एका जागेचा खर्च हिशोबात दिसणारही नाही. माणसाला सुंदर गोष्ट दाखवायची आणि बघायला उभं राहिला की दंड करायचा, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

यात मुलींचाही विचार करा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत दोन मुली आहेत. एक तर माझ्यापेक्षा चांगले फोटो काढते. पण रात्री सुनसान जागी त्यांना एकटं पाठवायची माझी हिंमत नाही, त्यांच्या घरच्यांची तर नाहीच. ठरलेली जागा, उजेडाचा दरवाजा, एक माणूस हजर, एवढं मिळालं तर त्याही येतील. आज हा छंद मुलांचाच वाटतो याचं एक कारण जागा हेच आहे.

आता काढणाऱ्यांना दोन शब्द. अंधार पडून दोन तास झाल्याशिवाय रात्रीचा फोटो होत नाही, हा गैरसमज आहे. सूर्य मावळल्यावर वीस ते तीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, पूर्ण काळं झालेलं नसतं. आपल्याकडे ही वेळ लवकर सरते, म्हणून तयारी आधी करून ठेवा. डिसेंबरात साडेसहाच्या आसपास, जूनमध्ये साधारण पावणेआठला. याच वेळी सगळ्यात सुंदर फोटो येतात, आणि घरचे जेवायला वाट बघत असतात त्याआधी काम संपतं. रात्री दोनला जायचं काहीच कारण नाही.

जमिनीवर चकाकी हवी तर पावसाची वाट बघू नका, सिमेंटवर एक-दोन बादल्या पाणी पुरतं. गाडी धुऊन पुसून न्या, बॅटरीच्या तिरक्या उजेडात धुळीचा कण न् कण दिसतो. रस्त्यावरून धावणाऱ्या दिव्यांच्या रेघा हव्या असतील तर पादचारी पुलावर किंवा स्कायवॉकवर जा आणि वरून काढा. तिथे तुम्ही कुणाच्या वाटेत नाही. लोकांना जायला जागा मात्र सोडा. नंबरप्लेट लपवायची तर फोटो टाकताना लपवा, रस्त्यावर झाकून गाडी चालवलीत तर तो वेगळाच गुन्हा. आणि जिथे ताशी ३० च्या वर गाड्या धावतात तिथे गाडीचे दिवे बंद करायचे नाहीत. हा नियम माझ्या पोरांना मी पाठ करायला लावलाय.

मित्राच्या मुलाचं काय झालं? त्यांच्या सोसायटीच्या पोडियमवर पाहुण्यांसाठीचं पार्किंग आहे. सेक्रेटरींना आदल्या दिवशी जाऊन भेटलो, काय करणार ते सांगितलं, मोबाईलवर जुने फोटो दाखवले. ते म्हणाले, "आमच्याही गाडीचा एक काढा." रविवारी संध्याकाळी पाऊण तासात काम झालं. वॉचमनकाकांनी स्वतः कोपऱ्यातला दिवा बंद करून दिला. पोरगा खूश आहे. एकदाही अटल सेतूचं नाव काढलं नाही.

पण सगळ्यांच्या सोसायटीला पोडियम नसतं. चाळीत, गावठाणात, बैठ्या घरात राहणाऱ्याच्या पोरानेही गाडी घेतलेली असते, बहुतेक वेळा जास्त कष्टाने. त्याने कुठे जायचं?

ते एसटीतले काका अधूनमधून फोन करतात. फ्रेम अजून रिकामी आहे म्हणतात. मी त्यांना शब्द दिलाय की अधिकृत जागा मिळाली की पहिला फोटो त्यांचा. पैसे घेणार नाही.

आपल्या नगरसेवकाला, प्रभाग कार्यालयाला हे दाखवा. आणि तुमच्या नोडमध्ये रात्री ओस पडणारी, सपाट, सुरक्षित जागा माहीत असेल तर खाली लिहा. यादी करून मी स्वतः अर्ज घेऊन जाणार आहे. दहा जागांची नावं आली तरी "जागाच नाही" असं म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही.